रक्त–मेंदू रोध आणि प्रतिपिंडे : संशोधनाचा इतिहास

रक्त–मेंदू रोध : रक्तातील निवडक पदार्थांनाच मेंदू व मेरुरज्जू यांच्या ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांत) प्रवेश देणाऱ्या आणि इतर पदार्थांना अडवून धरणाऱ्या शरीरांतर्गत व्यवस्थेस ‘रक्त–मेंदू रोध’ म्हणतात. ही व्यवस्था म्हणजे मेंदूभोवतीचे एखादे वेगळे आवरण नव्हे. मेंदूत सर्वत्र पसरलेल्या केशवाहिन्यांच्या (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या) भिंतींतच ती सामावलेली असते. ऑक्सिजन, कार्बन डाय-ऑक्साइड, अल्कोहॉल यांसारखे लहान व वसेत विरघळणारे रेणू या भिंतींतून सहज पार होतात. ग्लुकोज व ॲमिनो अम्ले यांच्यासाठी खास वाहक प्रथिने असतात. रक्तातील मोठ्या रेणूंना, विशेषतः अल्ब्युमीन हे प्रथिन व प्रतिपिंडे (शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थांशी संयोग पावून त्यांना निष्प्रभ करणारी प्रथिने) यांना मात्र येथे जवळजवळ पूर्ण मज्जाव असतो.

या मज्जावाचे लाभ व तोटे दोन्ही मोठे आहेत. रक्ताच्या संघटनात जेवण, व्यायाम, आजार इत्यादींमुळे सतत बदल होत असतात. त्यांचा परिणाम मेंदूतील तंत्रिका कोशिकांवर (मज्जापेशींवर) होत राहिला, तर त्यांचे नाजूक विद्युत् व्यवहार सुरळीत चालणार नाहीत. रक्तातील अनेक विषे व जंतूही याच रोधामुळे मेंदूबाहेर राहतात. उलट, मेंदूच रोगग्रस्त झाला, तर रक्तात दिलेले औषधही त्याच भिंतीपाशी थांबते. प्रतिपिंडांचा औषध म्हणून वापर सुरू झाला तेव्हापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून, ही अडचण वैद्यकासमोर आहे. तिचे कारण कळण्यास सु. ७५ वर्षे लागली आणि तिच्यावर मार्ग काढण्याचे प्रयत्न एकविसाव्या शतकात फळास येऊ लागले.

प्रारंभीचे प्रयोग : जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात निरनिराळे रंग अंतःक्षेपणाने (टोचून) सोडले आणि कोणते ऊतक कोणता रंग घेते याची पाहणी केली. १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी नमूद केले की, काही रंगांमुळे शरीरातील बहुतेक इंद्रिये रंगतात, परंतु मेंदू मात्र पांढराच राहतो. मेंदूच्या ऊतकास या रंगांविषयी आसक्ती नसावी, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. रंग व ऊतक यांच्यातील रासायनिक आसक्ती हा एर्लिख यांच्या सर्व विचारांचा पाया होता. प्रतिपिंडांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांमध्येही त्यांची गणना होते आणि रोगप्रतिकारशक्तीविषयीच्या कार्याबद्दल त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रंगाला मेंदूपर्यंत वाटच मिळत नसावी, ही शक्यता मात्र त्यांनी विचारात घेतली नाही.

प्रतिपिंडांच्या बाबतीत हाच प्रश्न धनुर्वाताच्या अभ्यासातून पुढे आला. एमील फोन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवून दिले की, धनुर्वाताचे विष थोड्या थोड्या प्रमाणात टोचलेल्या प्राण्याच्या रक्तरसात ते विष निष्प्रभ करण्याचा गुण येतो व तो रक्तरस दुसऱ्या प्राण्यास टोचल्यास त्याचेही रक्षण होते. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र हा रक्तरस फारसा उपयोगी पडत नसे. पॅरिस येथील पाश्चर संस्थेतील एमील रू व आमेदे बोरेल यांनी १८९८ मध्ये या विरोधाभासाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. धनुर्वाताविरुद्ध प्रतिक्षमित केलेल्या (रोगप्रतिकारशक्ती निर्माण केलेल्या) प्राण्यांच्या मेंदूतच त्यांनी विष सोडले. त्या प्राण्यांच्या रक्तात प्रतिविषाचा भरपूर साठा असूनही ते धनुर्वाताने दगावले. रक्तातील प्रतिपिंड आणि मेंदूतील विष यांची गाठ पडत नाही, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष होता. धनुर्वाताचे विष रक्तातून मेंदूत शिरत नाही, तर स्नायूंकडे जाणाऱ्या तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) आतून ते मेरुरज्जूपर्यंत चढते, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे विषास जी आडवाट उपलब्ध होती, ती प्रतिविषास नव्हती.

माक्स लेवांडोव्हस्की यांनी १९०० मध्ये सोडियम फेरोसायनाइड या लवणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. हे लवण रक्तात सोडले असता प्राण्याच्या मेंदूवर परिणाम होत नसे. पण त्याची अगदी अल्प मात्रा मस्तिष्क–मेरुद्रवात (मेंदू व मेरुरज्जू यांच्या भोवतीच्या आणि मेंदूतील विवरांमधील द्रवात) सोडताच तीव्र लक्षणे उद्‍भवत. मेंदूतील केशवाहिन्यांची भिंतच काही पदार्थ अडवीत असली पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले व ते पुढे खरे ठरले.

एर्लिख यांच्या स्पष्टीकरणाची निर्णायक परीक्षा एटव्हिन गोल्डमान यांच्या प्रयोगांनी झाली. १९०९ मध्ये त्यांनी ट्रिपान ब्ल्यू हा निळा रंग प्राण्यांच्या रक्तात सोडला. सर्व शरीर निळे झाले. मेंदू पांढरा राहिला व विवरांतील रक्तवाहिन्यांचे झुबक्यासारखे जालक (कोरॉइड जालक) तेवढे रंगले. १९१३ मध्ये तोच रंग त्यांनी मस्तिष्क–मेरुद्रवात सोडला. या वेळी मेंदू व मेरुरज्जू गडद निळे झाले. शरीराचा उर्वरित भाग मात्र रंगला नाही आणि प्राण्यांना झटके येऊन ते दगावले. मेंदूला रंगाची आसक्ती नाही, हे म्हणणे यानंतर टिकण्यासारखे नव्हते. रोध प्रत्यक्ष कोठे असतो, याविषयी मात्र गोल्डमान यांची दृष्टी कोरॉइड जालकावरच खिळून राहिली.

रोध वळसा घालून टाळण्याचे उपचार : प्रयोगशाळेत हा वाद चालू असतानाच रुग्णालयांत एक व्यावहारिक उत्तर निघाले होते. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मस्तिष्क–मेरुद्रव काढण्याची पद्धत हाइन्रिख क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केली होती. जंतुजन्य मस्तिष्कावरणशोथाच्या (मेंदूच्या आवरणांना येणाऱ्या दाहयुक्त सुजेच्या) साथीत अमेरिकन वैद्य सायमन फ्लेक्सनर यांनी घोड्यांत तयार केलेला प्रतिरक्तरस १९०७ पासून याच वाटेने थेट मेरुद्रवात सोडण्याचा प्रघात पाडला. १९१३ मध्ये त्यांनी सु. १,३०० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील मृत्यूंचे प्रमाण सु. ३१ टक्के होते. या उपचाराविना बहुसंख्य रुग्ण दगावत असत. प्रतिपिंडांना मेंदूच्या परिसरात नेण्याचा हा पहिला यशस्वी मोठा उपचार होय. पुढे सल्फा औषधे व प्रतिजैव पदार्थ आल्यावर तो मागे पडला. परंतु त्यामागील कल्पना टिकून राहिली. लहान मुलांच्या मेंदूचा ऱ्हास घडवून आणणाऱ्या एका आनुवंशिक रोगावर २०१७ मध्ये मान्यता मिळालेले सर्लिपोनेज अल्फा हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) दर दोन आठवड्यांनी मेंदूच्या विवरातच सोडावे लागते.

लीना स्टर्न यांचे कार्य : ‘रोध’ ही संज्ञा शास्त्रीय भाषेत स्थिर करण्याचे श्रेय प्रामुख्याने लीना स्टर्न (१८७८–१९६८) यांना दिले जाते. जिनीव्हा विद्यापीठातील पहिल्या महिला प्राध्यापक असलेल्या स्टर्न यांनी रेमों गोत्ये यांच्या सहकार्याने अनेक पदार्थ रक्तातून मेरुद्रवात कितपत उतरतात, याची पद्धतशीर तपासणी केली आणि १९२१ मध्ये या व्यवस्थेसाठी रक्त व मेंदू यांमधील रोध या अर्थाची फ्रेंच संज्ञा वापरली. हा रोध केवळ संरक्षक नसून मेंदूचे अंतर्गत पर्यावरण नियमित राखणारा आहे, अशी त्यांची मांडणी होती.

स्टर्न १९२५ मध्ये सोव्हिएट संघात गेल्या व १९३९ मध्ये तेथील विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला पूर्ण सदस्य झाल्या. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाने पीडित मुलांना स्ट्रेप्टोमायसीन रोधापलीकडे, थेट मेंदूच्या परिसरात देण्याचे प्रयत्न त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत मॉस्कोत केले. १९४९ मध्ये ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या प्रकरणात त्यांना अटक झाली. १९५२ च्या गुप्त खटल्यानंतर १३ आरोपींना मृत्युदंड देण्यात आला; स्टर्न यांना हद्दपारीची शिक्षा झाली. स्टालिन यांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये त्या परत आल्या व त्यांनी संशोधन पुन्हा सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय ७५ च्या घरात होते.

रंगाकडून प्रथिनाकडे : १९५० मध्ये रॉबर्ट चिर्गी यांनी जुन्या रंगप्रयोगांकडे नव्या दृष्टीने पाहिले. ट्रिपान ब्ल्यूसारखे रंग रक्तात शिरताच अल्ब्युमिनाशी बांधले जातात. त्यामुळे गोल्डमान यांनी जो पदार्थ अडताना पाहिला तो सुटा रंग नसून रंग चढलेले प्रथिन होते. रक्त–मेंदू रोधाचा पहिला ठळक पुरावा हा अशा प्रकारे प्रथिनांच्या अटकावाचाच पुरावा ठरतो.

ही अडवणूक नेमकी कोणती रचना करते, हा प्रश्न तरीही शिल्लक होता. मेंदूतील केशवाहिन्यांभोवती तारकाकृती आधारकोशिकांचे पाय सर्व बाजूंनी टेकलेले असतात. तेच रोधाचे काम करीत असावेत, असे अनेकांचे मत होते. इतर काहींच्या मते वाहिनीचा अंतःस्तर (आतील बाजूस असलेला चपट्या कोशिकांचा एकेरी थर) हाच रोध होय. साध्या सूक्ष्मदर्शकाने हा वाद सुटणे शक्य नव्हते.

१९६७ मध्ये टॉमस रीझ व मॉरिस कार्नोव्हस्की यांनी उंदरांच्या रक्तात पेरॉक्सिडेज हे वनस्पतिजन्य एंझाइम सोडले. सु. ४०,००० रेणुभाराच्या या प्रथिनाची विक्रिया इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गडद डागाच्या रूपात दिसते. हा डाग अंतःस्तर कोशिकांच्या सांध्यांपाशी येऊन थांबला होता. शेजारच्या दोन कोशिकांची पटले तेथे एकमेकांस जणू चिकटलेली होती. या रचनांना ‘घट्ट सांधे’ म्हणतात. इतर इंद्रियांतील केशवाहिन्यांत द्रव्ये पोटात घेऊन पलीकडे नेणाऱ्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) विपुल असतात. मेंदूत त्या फारच थोड्या आढळल्या. १९६९ मध्ये मिल्टन ब्राइटमन व रीझ यांनी तेच प्रथिन विवरांच्या बाजूने सोडले. ते तारकाकृती कोशिकांच्या पायांमधून विनासायास पुढे सरकले व अंतःस्तराच्या सांध्यांपाशी उलट बाजूने येऊन थांबले. लेवांडोव्हस्की यांचे अनुमान अशा रीतीने ६९ वर्षांनंतर प्रत्यक्ष चित्राने सिद्ध झाले.

तारकाकृती कोशिकांचे महत्त्व यामुळे संपले नाही. १९८१ मध्ये पी. ए. स्ट्यूअर्ट व एम. जे. वायली यांनी पक्ष्यांच्या भ्रूणांवर केलेल्या रोपणप्रयोगांत असे दिसले की, मेंदूचे ऊतक पोटाच्या भागात रुजविल्यास तेथील वाहिन्या त्यात शिरताना रोधाचे गुण धारण करतात. रोध निर्माण करण्याचा आदेश भोवतालच्या तंत्रिका ऊतकाकडून मिळतो, असा याचा अर्थ होय. वाहिनीला बाहेरून बिलगलेल्या परिकोशिका पुटिकांची वाहतूक दाबून ठेवण्यास मदत करतात, हे २०१० मध्ये दिसून आले. प्रथिनांचा अटकाव अशा रीतीने दुहेरी आहे : कोशिकांच्या फटी घट्ट सांध्यांनी बुजविलेल्या असतात आणि कोशिकांच्या आतून होणारी पुटिकांची ने-आण मंदावलेली असते. २००३ मध्ये घट्ट सांध्यांतील क्लॉडीन–५ या प्रथिनाविना जन्मलेल्या उंदरांत लहान रेणू मेंदूत झिरपू लागले, परंतु मोठ्या प्रथिनांना अटकाव कायम राहिला. यावरून या दोन यंत्रणा काही प्रमाणात स्वतंत्र असल्याचे दिसून येते.

मेंदूचे काही अगदी लहान भाग या नियमास अपवाद आहेत. ओकारीचे नियंत्रण करणारे क्षेत्र व हॉर्मोनांच्या स्रावाशी संबंधित काही केंद्रे यांतील वाहिन्या सच्छिद्र असतात. रक्ताची ‘चव’ घेणे हेच या भागांचे कार्य असल्याने त्यांना रोध असून चालणार नाही.

मेरुद्रवातील प्रतिपिंडांचे प्रमाण : रोध अभेद्य नसतो. निरोगी माणसात अल्ब्युमिनाचे मेरुद्रवातील प्रमाण रक्तरसातील प्रमाणाच्या सु. दोनशेव्या भागाइतके असते. जी वर्गातील प्रतिपिंडांचा रेणुभार सु. १,५०,००० म्हणजे अल्ब्युमिनाच्या दुपटीहून अधिक असल्याने त्यांचे प्रमाण याहूनही कमी असते. प्रत्यक्ष मेंदूच्या ऊतकात तर ते रक्तातील पातळीच्या सु. ०·१ टक्का एवढेच धरले जाते.

एल्विन कबात व त्यांचे सहकारी यांनी १९४२ मध्ये मेरुद्रवातील प्रथिने विद्युत् क्षेत्राच्या साहाय्याने अलग केली व बहुविध तंत्रिकाकाठिण्य (मल्टिपल स्क्लेरोसिस) या रोगात त्यांतील प्रतिपिंडांचा अंश वाढलेला असल्याचे दाखविले. ही वाढ दोन कारणांनी संभवते : रोध सैल होऊन रक्तातील प्रतिपिंडे आत झिरपतात किंवा आत शिरलेल्या कोशिका तेथेच प्रतिपिंडे तयार करतात. या दोन शक्यता वेगळ्या ओळखण्यासाठी अल्ब्युमिनाचा उपयोग होतो. अल्ब्युमीन यकृतात तयार होते, मेंदूत होत नाही. म्हणून मेरुद्रवात ते वाढलेले नसून प्रतिपिंडे तेवढी वाढलेली असतील, तर ती आतच तयार झाली असली पाहिजेत. या तर्कावर आधारलेला निर्देशांक १९७० नंतरच्या दशकात रूढ झाला व तो निदानासाठी आजही वापरला जातो.

रोध उघडला गेल्यास प्रतिपिंडे अपायकारकही ठरतात. तंत्रिका कोशिकांशी संयोग पावू शकणारी प्रतिपिंडे काही व्यक्तींच्या रक्तात लक्षणांविना आढळतात. बेटी डायमंड व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अशी प्रतिपिंडे निर्माण झालेल्या उंदरांवर प्रयोग केले. रोध शाबूत होता तोवर या उंदरांना अपाय झाला नाही. जंतूंपासून मिळविलेल्या एका पदार्थाने तो सैल करताच स्मृतीशी संबंधित भागातील कोशिका मेल्या. २००६ मध्ये एपिनेफ्रिनाने रोध सैल केला असता इजा भयाशी संबंधित भागात झाली. म्हणजे एकच प्रतिपिंड, पण रोध कशाने व कोठे सैल होतो यावर अपायाचे स्वरूप अवलंबून असल्याचे दिसून आले.

प्रथिनांच्या प्रवेशाची वाट : काही प्रथिनांची मेंदूला गरजच असते व त्यांच्यासाठी अंतःस्तराच्या कोशिकांवर ग्राही (विशिष्ट रेणूशी कुलूप-किल्लीप्रमाणे जुळणारी प्रथिने) असतात. रक्तातील लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरीन या प्रथिनाचे ग्राही मेंदूच्या केशवाहिन्यांवर विपुल असल्याचे १९८४ मध्ये विल्फ्रेड जेफ्रीज व सहकाऱ्यांनी उंदरांत दाखविले. मानवी मेंदूच्या केशवाहिन्यांवरील इन्शुलिनाचे ग्राही १९८५ मध्ये विल्यम पारड्रिज यांच्या गटाने वर्णिले. ग्राहीस चिकटलेला रेणू कोशिकापटलाच्या खळग्यासह आत ओढला जातो, त्या खळग्याची पुटिका बनते व ती दुसऱ्या बाजूस जाऊन रिती होते. या क्रियेस ‘कोशिकापार वहन’ म्हणतात. ट्रान्सफेरीन स्वतः पलीकडे जाते, की आपल्याजवळील लोह कोशिकेत उतरवून परत फिरते, याविषयी मतभेद आहेत. तथापि या ग्राहीमार्फत वाट मिळू शकते, एवढे निश्चित झाले.

या माहितीचा उपयोग करण्याची युक्ती प्रतिपिंडांनीच पुरविली. ट्रान्सफेरिनाच्या ग्राहीविरुद्ध बनविलेले प्रतिपिंड त्या ग्राहीस चिकटून कोशिकेत ओढले जाते. मग त्याला जोडलेला दुसरा पदार्थही ओढला जाईल, असा हा विचार होता. फिलिप फ्रायडेन व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये उंदरांत अशा प्रतिपिंडास मेथोट्रेक्झेट हे औषध जोडून आणि १९९३ मध्ये तंत्रिकावृद्धी घटक हे प्रथिन जोडून त्यांचा मेंदूत प्रवेश होतो, असे दाखविले. ग्रीक कथेतील लाकडी घोड्याच्या पोटात लपून ट्रॉय नगरीत शिरलेल्या सैनिकांवरून या जोडरेणूंना ‘रेणवीय ट्रोजन घोडे’ असे नाव पडले.

दोन दशके या घोड्यांची प्रगती मंद होती. पुष्कळ प्रतिपिंडे केशवाहिन्यांच्या भिंतीतच अडकून पडत. याचे कारण २०११ मध्ये स्पष्ट झाले. अमेरिकेतील जेनेनटेक कंपनीच्या संशोधकांनी ग्राहीशी कमी-अधिक घट्ट बांधली जाणारी प्रतिपिंडे तयार करून उंदरांत त्यांची तुलना केली. उपचारासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत घट्ट बांधली जाणारी प्रतिपिंडे मेंदूत कमी व सैल बांधली जाणारी अधिक पोहोचली. अति घट्ट पकड असलेला रेणू पलीकडे गेल्यावर सुटतच नाही व ग्राहीसह कोशिकेतील पचनपुटिकांत जाऊन नष्ट होतो. २०१४ मध्ये आणखी असे आढळले की, प्रतिपिंडाची दोन्ही टोके एकाच वेळी ग्राहींना चिकटली, तरीही त्याची हीच गत होते. एकच टोक चिकटणारी रचना मात्र पार जाते. औषध जितके घट्ट चिकटेल तितके चांगले, या रूढ समजुतीस या प्रयोगांनी छेद दिला. मात्र ट्रान्सफेरिनाचा ग्राही अपक्व तांबड्या कोशिकांवरही असतो आणि त्यांना इजा होऊ शकते, हे २०१३ मध्ये उंदरांत दिसून आले. त्यामुळे या पद्धतीत रक्तक्षयाकडे लक्ष ठेवणे आवश्यक ठरते.

आधुनिक उपचार : हंटर सहलक्षण हा प्रामुख्याने मुलग्यांना होणारा आनुवंशिक विकार आहे. एका एंझाइमाच्या अभावी दीर्घ शर्करा-साखळ्यांचे विघटन होत नाही व त्या कोशिकांत साठत जातात. यकृत व प्लीहा वाढतात, सांधे आखडतात आणि तीव्र प्रकारात बुद्धीचाही ऱ्हास होतो. एलिझाबेथ न्यूफेल्ड व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखविले होते की, कोशिका बाहेरून मिळालेला उणा घटक आत घेऊन आपला दोष भरून काढू शकतात. त्या तत्त्वावर आधारलेल्या इड्युरसल्फेज या एंझाइमास २००६ मध्ये मान्यता मिळाली. शिरेतून दिलेल्या या एंझाइमामुळे यकृत व प्लीहा यांची वाढ उतरली. परंतु ते मेंदूत शिरत नसल्याने बुद्धीच्या ऱ्हासावर त्याचा उपयोग झाला नाही. मूल अधिक काळ जगे, पण शिकलेले शब्द विसरत जाई, अशी ही स्थिती होती. मार्च २०२१ मध्ये जपानने याच एंझाइमास ट्रान्सफेरीन ग्राहीविरोधी प्रतिपिंड जोडून बनविलेल्या पॅबिनाफस्प अल्फा या औषधास मान्यता दिली. रक्तात देऊन ग्राहीच्या वाटेने मेंदूत उतरणारे हे मान्यता मिळालेले पहिले प्रथिन-औषध होय.

अल्झायमर रोगाची हकिकत अधिक गुंतागुंतीची आहे. या रोगात मेंदूत बीटा-अमिलॉइड या प्रथिनाचे साठे जमतात. १९९९ मध्ये डेल शेंक व सहकाऱ्यांनी या प्रथिनाची लस उंदरांना टोचून साठे कमी झाल्याचे दाखविले व २००० मध्ये केवळ प्रतिपिंडे शरीरात सोडूनही तोच परिणाम मिळाला. मानवातील लशीची चाचणी २००२ च्या प्रारंभी थांबवावी लागली. कारण लस घेतलेल्या सु. ६ टक्के रुग्णांना मेंदू व त्याची आवरणे यांचा दाह झाला. त्यानंतर तयार प्रतिपिंडे देण्यावर भर राहिला. रक्तातील प्रतिपिंडाचा अत्यल्प अंशच मेंदूत पोहोचत असल्याने मात्रा मोठी लागते. लेकानेमॅब हे प्रतिपिंड शरीराच्या दर किग्रॅ. वजनास १० मिग्रॅ. या मात्रेत दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात. १,७९५ रुग्णांच्या १८ महिन्यांच्या चाचणीत रोगाची वाढ तुलनेने २७ टक्के मंदावली. १८ गुणांच्या मापनश्रेणीवर हा फरक ०·४५ गुणाचा होता. सु. १२·६ टक्के रुग्णांच्या मेंदूत सूज आढळली, तरी त्यांतील बहुतेकांना लक्षणे नव्हती. या औषधास अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. हा लाभ रुग्णास व कुटुंबियांस कितपत जाणवण्याजोगा आहे, याविषयी तज्ञांत एकमत नाही. सूज व सूक्ष्म रक्तस्राव प्रामुख्याने अमिलॉइड साठलेल्या रक्तवाहिन्यांशी निगडित असतात. केशवाहिन्यांच्या ग्राहीमार्फत आत गेल्यास मात्रा कमी लागेल व हा अपायही घटेल, या अपेक्षेने ट्रॉन्टिनेमॅब या जोडप्रतिपिंडाच्या मानवी चाचण्या हाती घेण्यात आल्या.

कर्करोगात रोधाचे परिणाम वेगळ्या रीतीने दिसतात. स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर १९९८ पासून वापरात असलेले ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड शरीरातील गाठी आटोक्यात ठेवते, परंतु मेंदूत पसरलेल्या कोशिका त्याच्या कक्षेबाहेर राहतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांनुसार मेंदूत गाठी असलेल्या रुग्णांत त्याचे रक्तरस व मेरुद्रव यांतील प्रमाण ४२० : १ होते, किरणोपचारानंतर ते ७६ : १ झाले. इजा झालेला रोध अधिक सैल असतो, याचे हे मोजलेले उदाहरण होय.

रोध हेतुपुरस्सर व तात्पुरता उघडण्याचेही प्रयत्न झाले आहेत. १९७० नंतरच्या दशकात स्टॅन्ली रॅपपोर्ट यांनी संहत विद्रावाने अंतःस्तराच्या कोशिका आकसून सांधे उघडता येतात, असे दाखविले व पुढे मॅनिटॉल वापरून ही पद्धत मेंदूतील अर्बुदांच्या रुग्णांत वापरली गेली. २००१ मध्ये कुलेर्व्हो हुनिनेन व सहकाऱ्यांनी रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून व त्यांवर श्राव्यातीत ध्वनी केंद्रित करून सशांच्या मेंदूतील ठराविक जागीच रोध उघडला. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात अल्झायमर रोगाच्या तीन रुग्णांना अड्युकानुमॅब हे प्रतिपिंड देताना मेंदूच्या एका बाजूवर ही पद्धत वापरण्यात आली. त्या बाजूचे अमिलॉइड दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक प्रमाणात कमी झाले. गोल्डमान यांच्या प्रयोगाप्रमाणेच येथेही एकाच मेंदूतील दोन भागांची तुलना नव्हे, तर औषधाला वाट मिळणे व न मिळणे यांची तुलना झाली.

मूल्यमापन : या इतिहासात रोधाविषयीची कल्पना दोन वेळा बदलली. प्रथम तो मेंदूचा उदासीनपणा मानला गेला, नंतर अभेद्य भिंत व शेवटी निवड करणारे जिवंत ऊतक. प्रत्येक बदलाबरोबर उपचाराची दिशाही बदलली. भिंत मानली तोवर ती वळसा घालून टाळणे किंवा फोडणे हेच पर्याय होते; ग्राही कळल्यावर तिच्यातून रीतसर प्रवेश मागणे शक्य झाले. तथापि उंदरांत मिळालेले यश माणसात तेवढेच मिळते असे नाही आणि आत गेलेले प्रतिपिंड मेंदूच्या सर्व भागांत सारखे पसरत नाही. शिवाय ज्या निवडकपणामुळे औषध अडते, त्याच निवडकपणावर मेंदूचे आरोग्य अवलंबून असते. म्हणून वाट जितकी अरुंद व गरजेपुरती राहील, तितका उपचार सुरक्षित राहण्याचा संभव अधिक असतो.